डाग इथे, गळती तिथे: जुन्या गाडीच्या ऑइल लीकची गोष्ट

आजचा विषय जरा चिकट आहे, शब्दशः.

कुठल्याही जुन्या सोसायटीच्या आवारात एखादी अँबॅसडर, पद्मिनी किंवा सुरुवातीच्या काळातली मारुती ८०० उभी असेल तर तिच्याखालची फरशी बघा. काळा, तेलकट डाग असतोच. मालकाला विचारा, दोनपैकी एक उत्तर मिळेल. एक, "जुनी गाडी आहे, गळणारच." दोन, "मिस्त्री म्हणतोय इंजिन खोलावं लागेल." पहिल्या उत्तराच्या भरवशावर राहिलं की एखाद्या दिवशी घाटात ऑइल संपून इंजिन जाम होतं. दुसरं उत्तर ऐकून मालक हबकतो आणि आणखी दहा वर्षं चालली असती अशी गाडी भंगारवाल्याकडे जाते.

मला ही दोन्ही उत्तरं घाईची वाटतात. कारण इंजिनातून तेल कुठून गळतं याचं उत्तर बऱ्याचदा ते इंजिन कोणत्या काळात डिझाइन झालं यावर अवलंबून असतं. त्या काळात कोणतं रबर मिळत होतं, मिळत तरी होतं का, इंजिनाचा श्वास बाहेर कसा सोडायचे, हे कळलं की पाना कुठे लावायचा तेही कळतं. म्हणून आज थोडा इतिहास, आणि त्यातूनच थोडी मिस्त्रीगिरी.

सुरुवात अशा काळापासून करू, जेव्हा तेल गळणं हा दोष नव्हताच, ती पद्धत होती. १८८६ साली कार्ल बेन्झने ज्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं, तिचा क्रँक उघडाच होता. तेल छोट्या कुप्यांमधून थेंबथेंब पडायचं, भागांवरून ओघळायचं आणि रस्त्यावर जायचं. परत गोळा करायचा प्रश्नच नव्हता. देवासमोरच्या समईत आपण जसं तेल घालत राहतो, तसं इंजिनात घालत राहायचं. सुरुवातीच्या कित्येक मोटारसायकलींतही हीच व्यवस्था होती.

मग १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली. तिचं इंजिन खालून बंद होतं, पण तेल फिरवायला पंप नव्हता. फिरणारं फ्लायव्हील तेल उडवायचं आणि एका नळीतून ते पुढच्या बाजूला पोचायचं. तेल किती आहे हे बघायला आजच्यासारखी पट्टीही नव्हती. इंजिनाच्या तळाशी एक वर आणि एक खाली असे दोन छोटे नळ होते. गाडीखाली हात घालून ते उघडायचे. खालच्या नळातून तेल आलं तर ठीक, नाही आलं तर गाडी हलवायची नाही. कल्पना करा, पाऊस पडतोय, चिखल आहे आणि ऑइल चेक करायला तुम्ही गाडीखाली. ही गाडी १९२७ पर्यंत बनत होती आणि दीड कोटीच्या वर खपली.

तेव्हाच्या अमेरिकी रस्त्यांचे जुने फोटो बघाल तर सिमेंटच्या प्रत्येक लेनच्या मधोमध एक काळा पट्टा दिसतो. तो कुणी रंगवलेला नाही. हजारो गाड्यांच्या पोटाखालून पडलेल्या थेंबांचा तो पट्टा आहे. पुढे हा पट्टा फिका पडत गेला. का, हे समजून घेण्यात आपलं अर्धं काम आहे.

इंजिनातून तेल बाहेर यायला तशा तीनच प्रकारच्या वाटा असतात. दोन न हलणारे भाग जिथे एकमेकांना चिकटतात ती फट, फिरणारा शाफ्ट जिथून बाहेर येतो ते भोक, आणि इंजिनाच्या श्वासाची नळी. तिन्हींचा इतिहास वेगळा आहे आणि इलाजही.

पहिली वाट सोपी आहे. वरचं टॅपेट कव्हर आणि खालचं ऑइल चेंबर हे पातळ पत्र्याचे भाग. ते आणि ओतीव लोखंड यांच्यामध्ये काहीतरी मऊ घालावं लागतं. जुन्या इंजिनांत ते काम बुचाचं होतं. बूच, म्हणजे बाटलीला लावतात तेच, पोर्तुगाल-स्पेनकडच्या एका ओकच्या झाडाची साल. ते दाबलं की दबतं आणि तेल शोषून फुगतं, म्हणून गॅस्केटला उत्तम. पण वर्षानुवर्षं उष्णता खाल्ली की ते वाळतं, आक्रसतं, पापडासारखं तुटतं.

इथे माणूस काय करतो? बोल्ट आवळतो. थेंब दिसला, आवळ. परत दिसला, अजून आवळ. शेवटी बोल्टच्या भोकाभोवतीचा पत्रा आत दबतो आणि दोन बोल्टांच्या मधला पत्रा उचलला जातो. आता नवीन गॅस्केट घातलं तरी तिथून तेल येणारच, कारण पृष्ठभागच सपाट राहिला नाही. जुन्या गाड्यांच्या कितीतरी "कायमच्या" गळत्या अशा आवळण्यातून जन्मलेल्या आहेत, असं माझं मत आहे. इलाज स्वस्त आहे. चेंबर उतरवून सपाट ठोकळ्यावर ठेवायचा, वर आलेली भोकं हातोडीने हलकेच बसवायची, जुन्या पॅकिंगचा शेवटचा कणही खरवडून काढायचा, मग नवीन गॅस्केट आणि बोल्ट थोडे थोडे, आलटूनपालटून आवळायचे. सिलिकॉन लावायचं तर सुतासारखी पातळ रेघ पुरते. ज्यादा लावलं तर बाहेरच्या बाजूला जे दिसतं तेवढंच आतही पिळून येतं, आणि आत सुटलेला तुकडा तेल ओढणाऱ्या जाळीत जाऊन अडकला तर गळतीपेक्षा मोठं संकट.

दुसरी वाट मात्र इंजिनिअर लोकांना पन्नास वर्षं पुरली. क्रँकशाफ्टचं मागचं टोक इंजिनाबाहेर यायलाच हवं, कारण त्यावर फ्लायव्हील आणि क्लच बसतो. ते मिनिटाला हजारो फेरे फिरतं, गरम होतं आणि आतून तेलाने न्हालेलं असतं. तिथे बूच टिकत नाही. मग काय घालणार?

ब्रिटिशांनी एक हुशारीचं उत्तर काढलं: काहीच घालायचं नाही. अँबॅसडरचं उदाहरण घ्या. ही गाडी म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, १९५७ पासून कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला बनू लागली. थोड्याच काळात तिच्यात १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन आलं. या घराण्याची सुरुवात १९४७ सालची. या कुळातल्या तीन बेअरिंगवाल्या जुन्या इंजिनांत क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. शाफ्टवर उलटे आटे कापलेले असायचे, स्क्रूवर असतात तसे. शाफ्ट फिरला की हे आटे बाहेर येऊ पाहणारं तेल परत आत ढकलतात. आटे आणि भोवतालचं कडं यांच्यात केसाएवढी फट, एकमेकांना घासणं नाही, झिजणं नाही. कागदावर सुंदर.

पण एक गोम आहे, तुमच्याही लक्षात आली असेल. हे आटे शाफ्ट फिरत असतानाच काम करतात. गाडी बंद केली की त्या भागात उरलेलं तेल आरामात खाली येतं. म्हणजे रात्री पार्किंगमध्ये चार थेंब पडणं हा त्या इंजिनाचा स्वभाव आहे, आजार नाही. आता यावर "ऑइल सील बदला" म्हणणारा मिस्त्री भेटला तर त्याला नम्रपणे विचारा, कुठलं सील? आणि बाजारात मिळणारं गळती थांबवायचं औषध, जे तेलात ओततात, ते रबर फुगवून मऊ करतं. जिथे रबरच नाही तिथे ते काय फुगवणार? आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असली गत. गळती खरंच खूप असेल तर फट मोजावी लागते, मागच्या बेअरिंगची झीज बघावी लागते. याच घराण्याचं इंजिन असलेल्या एमजीए गाड्यांसाठी परदेशात तिथे नव्याने रबरी सील बसवायचे किटही निघाले आहेत.

अमेरिकेत दुसरा उपाय रूढ होता: अ‍ॅस्बेस्टॉस आणि ग्रॅफाइटचा दोर. खाचेत दाबून बसवायचा, शाफ्टभोवती तो आवळून राहायचा. कित्येक अमेरिकी इंजिनांत हा दोर फार उशिरापर्यंत टिकला. जुन्या अमेरिकी गाडीवर काम करणाऱ्यांनी हा दोर कोरडा खरवडू नये, अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

खरं उत्तर आलं ते कातड्याच्या कारखान्यातून. जर्मनीत वाइनहाइम नावाचं गाव आहे. तिथे १८४९ पासून फ्रॉयडेनबर्ग घराण्याची चामडं कमावण्याची फॅक्टरी होती. १९२९ च्या मंदीत चामड्याचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी गाड्यांसाठी चामड्याची सीलं बनवायला घेतली. तिथला इंजिनिअर वाल्टर झिमर याच्या नावावरून १९३२ साली "झिमररिंग" आली. धातूचं कडं, त्यात चामड्याची पातळ कड, आणि ती कड शाफ्टवर हलकेच टेकून राहावी म्हणून मागे बारीक स्प्रिंगचा वेढा. ऑइल सील विकत घेतलंत कधी, तर ते उलटं करून बघा. ती बारीक स्प्रिंग आजही तिथेच असते. नव्वद वर्षांत आराखडा फारसा बदललेला नाही.

बदललं ते कडेचं साहित्य. साधं रबर तेलात फुगून लोळागोळा होतं. १९३० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर तयार केलं, ज्याला आपण आज नायट्राइल म्हणतो, आणि १९३६ पासून झिमररिंग कृत्रिम रबरात येऊ लागली. चामडं सुटलं. मजा बघा, मंदी आली नसती तर एका चांभारी कारखान्याने इंजिनाकडे वळून तरी पाहिलं असतं का?

या सीलची एक गोष्ट मला फार आवडते. कितीतरी काळ लोकांना वाटायचं की रबराची कड शाफ्टला घट्ट चिकटते म्हणून तेल अडतं. १९५७ साली जॅगर नावाच्या ब्रिटिश संशोधकाने दाखवलं की नाही, ती कड तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत असते. तेलाला अडवणारं सील स्वतः तेलावरच जगतं. कोरडं चाललं की जळतं. म्हणून नवीन सील बसवताना कडेला बोटाने ऑइल चोळतात. जाणते मिस्त्री हे करतातच, कारण विचारलं तर सांगता येईलच असं नाही.

सील जुनं झालं की रबर कडक होतं, आणि वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून लोखंडी शाफ्टवरही बारीक खाच पडते. लोखंडावर रबराची खाच, हो. खरं तर कडेखाली अडकलेली धूळ आणि कचरा ते काम करतात. मग नवीन सीलही गळतं आणि दोष सीलच्या कंपनीला दिला जातो. शाफ्टवर नख फिरवून बघायचं. खाच लागली तर जागा असल्यास सील एक-दोन मिलिमीटर मागेपुढे बसवायचं म्हणजे कड नव्या जागी टेकते, किंवा शाफ्टवर पातळ स्टीलची बाही चढवायची.

आता तिसरी वाट. सगळ्यात कमी लोक हिच्याकडे बघतात, आणि सगळ्यात आधी हिच्याकडेच बघायला हवं.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूतला थोडा भाग त्यांना चुकवून खाली चेंबरमध्ये उतरतो. आपल्या गॅरेजांत याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. या वायूला बाहेर जायला वाट दिली नाही तर आत दाब वाढतो आणि तो दाब तेलाला प्रत्येक फटीतून बाहेर ढकलतो. धडधाकट सीलमधूनही.

जुन्या इंजिनांत यासाठी एक साधी नळी असायची. बी-सिरीजमध्ये ती इंजिनाच्या बाजूच्या कव्हरातून निघून खाली रस्त्याकडे जायची. गाडी धावली की खालून जाणारा वारा नळीच्या तोंडातून वायू ओढून घ्यायचा. म्हणजे हीसुद्धा फक्त धावत्या गाडीत चालणारी युक्ती. दादरच्या सिग्नलला वीस मिनिटं उभ्या असलेल्या गाडीला कुठला वारा? त्या नळीतून वाफेबरोबर तेलाचे थेंबही पडायचे, लेनमधल्या काळ्या पट्ट्यात तिचाही हात होता.

ही नळी बंद झाली ती गळतीमुळे नव्हे, तर लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे. १९४० च्या दशकात त्या शहरात डोळे झोंबणारं धुरकं पसरायला लागलं. एरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्या आणि रिफायनऱ्यांतून येणारे वायू उन्हात एकमेकांशी मिसळून हे धुरकं तयार होतं. गाड्यांच्या त्या वायूत इंजिनाच्या श्वासनळीचाही वाटा होता. १९६१ साली कॅलिफोर्नियाने उपाय सक्तीचा केला आणि १९६३ पासून तो तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या अमेरिकी गाड्यांना लागू झाला: हा वायू बाहेर सोडायचा नाही, एका छोट्या व्हॉल्व्हमधून परत इंजिनाच्या तोंडात द्यायचा आणि जाळायचा. हाच पीसीव्ही व्हॉल्व्ह. गाडी उभी असली तरी इंजिनाची स्वतःची ओढ वायू खेचत राहते. हवेसाठी केलेल्या कायद्याने गळतीही कमी केली, हे असं फुकटात मिळालेलं.

पण व्हॉल्व्ह आणि त्याच्या नळ्या काळ्या चिखलाने तुंबतात. मग आतला दाब वाढतो, टॅपेट कव्हर ओलं होतं, मागचं सील ओलं होतं, आणि मिस्त्री म्हणतो इंजिन खोलू. खोललं, सगळी सीलं बदलली, नळी तशीच तुंबलेली. दोन महिन्यांत डाग परत हजर.

म्हणून आधी हे करा. इंजिन चालू, ऑइल भरायचं झाकण काढा, त्या तोंडावर पातळ कागद धरा. सैल बाह्या आणि ओढणी फॅनच्या पट्ट्यापासून लांब. पीसीव्हीवाल्या इंजिनात कागद हलकासा आत ओढला गेला पाहिजे. उलट फडफडून वर उडत असेल तर आधी व्हॉल्व्ह आणि नळ्या काढून स्वच्छ करा, त्यातून फुंकून बघा. एवढं करूनही धूर भकाभका येत असेल तर रिंगा गेल्या असण्याची शक्यता आहे, आणि मग कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. इंजिन खोलायची चर्चा त्यानंतर.

मग डागाचा शोध. आपल्याकडे म्हण आहेच, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तेल खाली ओघळतं आणि फॅनच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं. म्हणून टॅपेट कव्हरची गळती चेंबरची वाटते आणि चेंबरची गळती मागच्या सीलची. फरशीवरचा डाग शेवटची जागा सांगतो, पहिली नाही. थंड इंजिन आधी रॉकेल आणि ब्रशने धुऊन पूर्ण कोरडं करा. इलेक्ट्रिकचे भाग झाका, आणि रॉकेल वाळल्याशिवाय स्टार्ट मारू नका. संशय असेल तिथे पावडर भुरभुरवा, अंगाला लावतो तीच. थोडी चक्कर मारा, खाली पांढरा पुठ्ठा ठेवून गाडी उभी करा, आणि मग वरून खाली, पुढून मागे बघत या. सर्वांत उंचावरची ओली जागा हीच तुमची आरोपी. हेही पुरलं नाही तर तेलात घालायचा चमकणारा रंग मिळतो, निळसर अल्ट्राव्हायोलेट टॉर्चमध्ये तो पिवळाहिरवा दिसतो.

किरकोळ माणसांना आधी तपासा, जसं पोलीस करतात. चेंबरच्या ड्रेन बोल्टचा वॉशर. ऑइल प्रेशरचा स्विच. ऑइल फिल्टर, ज्याची जुनी रबरी रिंग कधीकधी इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसते, मग तेल थेंबांनी नाही, धारेने येतं. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची छोटी रबरी रिंग. ही सगळी इंजिन न उतरवता होणारी कामं आहेत. गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या सांध्याखाली थेंब असेल तर बोटावर घेऊन वास बघा. गिअर ऑइलला बहुतेक वेळा गंधकासारखा उग्र वास असतो. तसा असेल तर क्रँकचं सील निर्दोष सुटलं.

आणि कुठल्या गळतीला थांबायचं नाही तेही सांगतो. गरम सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर तेल पडत असेल, जळका वास आणि धूर येत असेल, तर गाडी चालवू नका, आग लागते. क्लच घसरायला लागला असेल तर मागचं तेल क्लच प्लेटवर पोचलेलं असू शकतं. दर आठवड्याला पट्टीवरची पातळी खुणेखाली जात असेल तरीही नाही. आणि फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका, खाली घोड्या लावा.

राहता राहिली आपली पद्मिनी. फियाट ११०० च्या वंशातली, १०८९ सीसीची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात घडलेली. सत्तरच्या दशकात तिला हे नाव मिळालं आणि सुमारे तीन दशकं ती बनत राहिली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. खासगी मालकांकडे अजून आहेत, आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला ती आरटीओत जाते, तिथे तपासणाऱ्याची नजर गाडीखाली जातेच. तुमच्या घरी अशी एखादी असेल तर या रविवारी झाकण उघडा आणि त्या तोंडावर कागद धरून बघा.